बाहेरचं वाडगं

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे उत्तरेकडचं वारं सुटलं आणि टेक्सासातल्या अर्विंगची हवा तासाभरात उलटली. शनिवारी माणसं अर्ध्या चड्डीवर फिरत होती. रविवारी सकाळी सात वाजता दुकानाच्या पार्किंग लॉटमधल्या रिकाम्या ट्रॉल्या आपोआप सरकत जाऊन गाड्यांना धडका देत होत्या. लतिका खोचरे मागच्या दारानं आत शिरली. रबरी बूट चढवले, गुडघ्याखाली जाणारा एप्रन बांधला आणि टाकीत जाळं घातलं.

पहिला कॅटफिश नऊ पौंडांचा निघाला. जाळ्यात त्यानं अशी उसळी मारली की पाणी तिच्या तोंडावर आलं. तिनं तो ओट्यावर आपटला, डाव्या हातानं डोकं दाबलं आणि उजव्या हातातली लाकडी मोगरी त्याच्या डोळ्यांच्या मधोमध हाणली. एकच घाव. मासा ताठ झाला, शेपटी एकदा थरथरली, संपलं. मासा एका घावात गेला पाहिजे, ही तिच्या आईची शिकवण. दुसरा घाव घालावा लागला की मांस कडक होतं आणि मारणाऱ्याचा हात दिवसभर बिचकत राहतो. मग सुरी कल्ल्याखाली, रक्त नाळीत, पोट फाडून आतडी बादलीत. नऊ वाजेपर्यंत असे वीस झाले.

लतिकाच्या डाव्या पंजावर अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत एक पांढरी फुगीर रेघ आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, कधीतरी माशाच्या सुरीनं कापलं असेल. ते बरोबरच आहे. फक्त तेव्हा सुरी तिच्या हातात नव्हती.

साडेनऊला फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यात तो धरून ती खवले काढत राहिली.

"लते, आज तुळशीचं लग्न. ध्यानात हाय न्हवं?"

"आहे आबा."

"वाडगी काढून धुतल्यात मी. भात दीडला लावतो. तू मासा आण. आन् दोनला टच ये, न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

"न्हाईतर तुझी आई येऊन टाळक्यात हाणंल दोघांच्या."

आई मार्चमध्ये गेली होती. वर्षातल्या ह्या एका दिवशी अकरा वाडगी टेबलावर आणि बारावं मागच्या दाराबाहेर, हे जेवण ती गेल्यावर पहिल्यांदाच होणार होतं, आणि ते कुणासाठी आहे हे घरातल्या दोन जिवंत माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

आबा म्हणजे लतिकाचे वडील, प्रल्हाद खोचरे, कागलच्या बाजूचे. शहात्तर साली शिकायला टेक्सासात आले आणि पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला लागले. त्याच कारखान्यात, जोडणीच्या पट्ट्यावर, थाओ नावाची व्हिएतनामी बाई होती. ऐंशी साली होडीतनं पळालेली, मलेशियाच्या छावणीत वर्ष काढून आलेली. प्रल्हादनं तिला गाडी शिकवली. ती शिकता शिकता एका खांबाला गाडी घासली, त्याची भरपाई म्हणून तिनं त्याला जेवायला बोलावलं, आणि मग कोर्टात जाऊन लग्न. गावाकडनं तार आली, "आम्हाला मेलास." नंतर चार वर्षं काही आलं नाही. त्यातच चौऱ्याऐंशी साली लतिका झाली. पुढं कारखान्यानं पट्टा बंद केला तेव्हा थाओ ह्या दुकानात माशांच्या काउंटरवर लागली ती सव्वीस वर्षं. लतिका कॉलेज अर्धं सोडून तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिथंच राहिली.

लतिका आईला मा म्हणायची. मा मारायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चॉपस्टिकनं बोटांवर, सपातेनं पाठीत, सुऱ्याच्या चपट्या बाजूनं पिंढरीवर. भात सांडला म्हणून, दार उघडं टाकलं म्हणून, झोपेत हसली म्हणून. ऑक्टोबर सरला की तिचा हात जास्तच चालायचा. आबा मधे पडायचे, तेही खायचे. मग कुठल्यातरी एका दिवशी ती अकरा वाडगी भरून मांडायची, उदबत्त्या लावायची, उभ्यानं काहीतरी पुटपुटायची. बारावं वाडगं घेऊन मागच्या अंगणात जायची आणि त्यातला भात धोंडा फेकावा तसा कुंपणावर फेकायची. त्यानंतर महिना-दोन महिने घर शांत.

आबांनी ह्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. आत मांडलं ते श्राद्धाचं पान आणि बाहेर टाकला तो काकबळी. टेक्सासात कावळे कमी, लांब शेपटीचे काळे ग्रॅकल पक्षी उदंड. आबा अंगणात उभे राहून त्यांनाच "काव काव" करून बोलवायचे. मा आतनं बघायची आणि तिच्या तोंडावरची रेष हलायची नाही.

अठ्ठ्याण्णव साली ऑक्टोबरात माचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यात पू झाला. दवाखान्यातनं तिनं आबांना सांगितलं, दहावा महिना, बारावा दिवस, तुम्ही घाला. तिचा दहावा महिना म्हणजे आपला कार्तिक, हे आबांनी दोन-तीन वर्षांचं बघून मनाशी ठरवलेलं. बारावा दिवस म्हणजे द्वादशी, म्हणजे तुळशीचं लग्न. लक्षात ठेवायला किती सोपं! त्यांनी त्या दिवशी अकरा वाडगी मांडली, बारावं बाहेर टाकलं, ग्रॅकल आले, आबा खूश.

डिसेंबरच्या मध्याला मा कामावर परत गेली. पहिल्याच दिवशी दुपारी चारला घरी आली, एप्रन तसाच, खवले तसेच. दारातनं ती ओरडत आली ते व्हिएतनामीत, इतकं भराभर की लतिकाला एकच शब्द कळला, महिना. कपाटातली वाडगी काढून तिनं एकेक भिंतीवर फोडली. आबा हात धरायला गेले तर पिशवीतली माशाची सुरी काढली. लतिका मधे गेली. चौदा वर्षांची होती. आईचा हात अडवायला तिनं पंजा पुढं केला आणि पंजा उघडला, पेरू उघडावा तसा. आतलं पांढरं दिसलं आणि मग भसाभसा रक्त. मानं सुरी टाकली नाही. ती पोरीकडं बघत उभी राहिली, सुरी तशीच वर, आणि तिच्या तोंडातनं असा आवाज निघाला की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. सतरा टाके पडले. दवाखान्यात आबांनी सांगितलं, मासा साफ करताना सटकली. मानं माफी मागितली नाही, कारणही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवी बारा वाडगी आली आणि पुन्हा तो दिवस तिनं कुणावर सोपवला नाही.

मार्चमध्ये दवाखान्यात ती लतिकाला म्हणाली, "आता तू घाल. त्याला घालू देऊ नको. नीट घाल."

"कुणाला घालायचं ते तरी सांग, मा."

"पुस्तक वाच," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली. चार दिवसांनी गेली.

पुस्तक एकच होतं. कव्हर नसलेलं, कॅलिफोर्नियात छापलेलं, मा दरवर्षी हिवाळ्यात वाचायची ते. लतिकाला व्हिएतनामी बोलता यायचं, तेही स्वयंपाकाचं आणि शिव्यांचं. वाचता येत नव्हतं. वाचायला तिला आबांनी मराठी शिकवलेलं, दर रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या वर्गाला नेऊन. म्हणून आधी तिनं लायब्ररीतनं इंग्रजीत आलेल्या व्हिएतनामी कादंबऱ्या आणल्या. उन्हाळ्यापर्यंत एकोणीस वाचल्या. काउंटरच्या मागं आइस मशीनवर बसून, जेवणाच्या सुट्टीत, बोटांना वास तसाच. नद्या, भातखाचरं, बाँब, भुतं. एक गोष्ट तिला खटकायची. पुस्तकातली माणसं फार नीट मरायची. शेवटचं वाक्य बोलून मरायची. तिनं आयुष्यात हजारो जीव मारले होते, एकही काही बोलला नव्हता.

त्या पुस्तकांतनंच तिला कळलं की माच्या त्या जेवणाला यो म्हणतात, मेलेल्याच्या तिथीचं जेवण. आणि एका कादंबरीत असं गाव आलं जिथं प्रत्येक घरात एकाच दिवशी यो असतो, सगळ्या गल्लीतनं एकदम उदबत्तीचा धूर निघतो. ते वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि दिवसभर मोगरी नीट बसली नाही.

जुलैपासनं ती माचं पुस्तक घेऊन को ल्यूकडं जायला लागली. को म्हणजे बाई, शिक्षिका. को ल्यू ऐंशीच्या, व्हिएतनामात दा नांगला शाळेत शिकवायच्या, आता दुकानामागच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या. दर रविवारी दुपारी बारा ते दीड. लतिका माशाचं डोकं न्यायची, को ल्यू तिला अक्षरं शिकवत एक प्रकरण वाचून घ्यायच्या. चार महिन्यांत दोनशे पानं झाली. समासात जागोजाग माचं निळं बॉलपेन होतं. बहुतेक ठिकाणी नुसती फुली.

"तुझी आई पुस्तक वाचत नव्हती," को ल्यू एकदा म्हणाल्या होत्या. "भांडत होती."

तुळशीच्या लग्नाच्या त्या रविवारी मात्र दहापासनंच काउंटरवर मराठी माणसांची रांग लागली. चातुर्मास सुटला होता. चार महिने वांगं-भोपळ्यावर काढलेली कुटुंबं बांगडा आणि पापलेटाकडं अशी बघत होती की माशांनीच लाजावं. रांगेत कांचनकाकू होत्या, नागपूरच्या, मंडळाच्या वर्गात लतिकाला बाराखडी शिकवलेल्या.

"काय करून राहिली गं लतिका? अजून इथंच? तुले म्हटलं होतं मी, डेंटल हायजीनचा कोर्स कर."

"काकू, पापलेट देऊ का सल्लाच घेऊ?"

"बापा! जीभ पाहा पोरीची. अगदी आईवर गेली." काकूंनी आवाज खाली आणला. "तुझे आबा आज मासा शिजवतात म्हणे. तुळशीच्या दिवशी? इंजिनियर माणूस, अन् एवढं कळत नाही?"

"तुम्ही पण नेताच आहात की."

"मी उद्यासाठी नेऊन राहिली. फ्रीजमध्ये राहील ना ते. मोठे दे, डोकं ठेव. अन् पुढच्या वर्षी एवढ्या लवकर नाही हं सुटायचं हे. अधिक महिना आहे, ज्येष्ठ. सगळं महिनाभर पुढं ढकललं जाते."

लतिकानं पापलेटाचे पंख कापले आणि काकूंच्या हातात पुडकं दिलं. अधिक महिन्याचं ते वाक्य तिच्या एका कानातनं दुसऱ्या कानाकडं जाता जाता मधेच कुठंतरी अडकलं.

बाराला ती को ल्यूकडं पोचली. दोनशे बारावं पान. को ल्यूंनी चष्मा लावला, पानावर नजर टाकली आणि सबंध पंजा त्यावर ठेवला.

"हे आज नको. पुढच्या रविवारी वाचू."

"आजच पाहिजे, को. दोन वाजता यो आहे घरी."

"कुणाचा?"

"तेच तर माहीत नाही."

को ल्यूंनी हात काढला.

कादंबरीतलं प्रकरण असं होतं की पहाटे कोंबडा आरवतो आणि सैनिक गावात शिरतात. त्याच्या शेजारी मानं लिहिलं होतं, "कोंबडे आदल्या दिवशीच नेले होते. दुपार होती." पुढं कादंबरीत लोक धावत सुटतात. "कोण धावलं? पुराचा चिखल गुडघ्याएवढा. बसवलं सगळ्यांना, गोठ्यापुढं, दोन रांगांत. आजोबांना वाटलं, भात वाटणार आहेत." पुढं कादंबरीकारानं गोळीबाराचं अर्धं पान लिहिलं होतं, आभाळ लाल होतं वगैरे. मानं ते आख्खं खोडलं होतं. "आवाज थोडाच वेळ. मग एकेकाजवळ जाऊन. बायकांना संगिनीनं. धाकटा रडत होता म्हणून पायानं."

आणि समासात, खालपासून वरपर्यंत, पान आडवं करून, अकरा नावं. आजोबा, आजी, आई, दोन काकू, भाऊ. शेवटचं नाव, वय चौदा महिने. त्याखाली दहावा महिना, बारावा दिवस, घोड्याचं वर्ष, म्हणजे सहासष्ट साल.

को ल्यू मोठ्यानं वाचत होत्या, शाळेत वाचावं तसं, एकसुरी. नावं संपल्यावर त्या पाणी प्यायल्या.

"ती कुठं होती?" लतिकानं विचारलं.

"इथं आहे. घरामागच्या पाण्याच्या रांजणात. 'अंधार पडेपर्यंत.' वय... चौदा असणार."

पुढच्या पानावर कादंबरीतली मुलगी लपलेल्या जागेतनं बाहेर येते. डुकरांच्या खोपटाजवळ एक जखमी सैनिक पडलेला असतो, त्याचेच लोक त्याला विसरून गेलेले. कोवळा पोरगा असतो, पाणी मागतो. मुलगी केळीच्या पानाचा द्रोण करून त्याला पाणी पाजते आणि दोघं रडतात. को ल्यू म्हणाल्या, ह्या प्रसंगासाठीच हे पुस्तक लोकांना आवडतं.

मानं त्या पानावर पेन इतक्या जोरानं ओढलं होतं की कागद फाटून मागचं पान दिसत होतं. को ल्यूंनी आता पुस्तक लतिकापुढं सरकवलं. "हे तू वाच. मी नाही वाचणार."

लतिकानं बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. दहा मिनिटं गेली.

"पाणी मागितलं. मला कळलं. दिलं नाही. भिंतीवरचा विळा घेतला. एका घावात गेला नाही. मोजले नाहीत. नाव माहीत नाही, म्हणून बाहेर."

लतिकाची डावी मूठ आपोआप मिटली होती. चौदा वर्षांच्या पोरीचा रक्तानं भरलेला पंजा बघत उभी राहिलेली मा तिला दिसली, वर धरलेल्या सुरीसकट.

निघताना को ल्यू दाराशी म्हणाल्या, "पण आज कसला यो? आज तर नवव्या महिन्याची तेरा आहे." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. मोठ्या आकड्याखाली बारीक आकडा होता, चांद्र तिथीचा. तेच कॅलेंडर काउंटरच्या मागंही टांगलेलं असायचं. लतिका त्याच्या खाली वीस वर्षं उभी होती आणि तिनं फक्त मोठे आकडे बघितले होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती आबांच्या घरी पोचली. आबांनी धोतर नेसलं होतं, वर मफलर. टेबलावर अकरा वाडगी, भाताची वाफ निघत होती.

"धा मिनटं उशीर. मासा कुठाय?"

"आबा, आज नाही. पुढच्या महिन्यात आहे."

"काय पुढच्या म्हैन्यात? तुळशीचं लग्न?"

"त्यांचा दिवस. एक डिसेंबरला."

"तुला कुणी सांगितलं? चाळीस वर्सं बघतोय मी. कार्तिक द्वादशी."

"दरवर्षी जुळायची का?"

"बहुतेक जुळायची. कधी म्हैना उशिरानं घालायची. सुट्टी मिळत नसंल म्हणून."

लतिकानं को ल्यूंचं कॅलेंडर मागून आणलं होतं. ते तिनं भाताच्या शेजारी पसरलं. आबांनी आपलं पंचांग आणलं, नाकावर चष्मा चढवला आणि कानावरची पेन्सिल काढली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ती पेन्सिल कानावर असतेच. दोन्हीकडच्या अमावास्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या.

"अमावास्या तर बराबर हायत. महिना आपल्यागतच धरत्यात." पेन्सिल खाली सरकत गेली आणि जुलैवर थांबली. "ह्यांनी इथं एक म्हैना जादा घातलाय बघ. सहावा दोनदा. आपला अधिक पुढच्या सालात, ज्येष्ठात. म्हंजे तवापासनं आपण त्यांच्या एक म्हैना म्होरं." त्यांनी मान वर केली. "लते, अठ्ठ्याण्णवचं बघ जरा फोनवर."

तिनं शोधलं. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचा पाचवा महिना दोनदा होता. आपला अधिक नव्व्याण्णवच्या ज्येष्ठात. त्यांच्या दहाव्या महिन्याची बारा आली होती तीस नोव्हेंबरला. डिसेंबरात कामावर परतल्यावर मानं काउंटरमागच्या कॅलेंडरवर हेच बघितलं असणार.

आबा खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. पेन्सिल भातात पडली.

"तीस नोव्हेंबरला काय करत हुतो आपण?"

"कुणाला आठवतंय, आबा."

"पिझ्झा खात हुतो. ती निजून हुती आन् रोज पिझ्झाच आणत हुतो मी." त्यांनी दाराकडं बघितलं. "ते आलं असतील गं. त्या दिवशी. अकराच्या अकरा. दारात हुबं ऱ्हायलं असतील आन् आपण..."

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळून आपल्याच कपाळावर मारली. एकदा, मग पुन्हा, मग जोरात. लतिकानं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या अंगात ताकद होती, दोघांची झटापट झाली, एक वाडगं खाली पडून फुटलं. शेवटी तिनं त्यांचे दोन्ही हात छातीशी दाबून धरले, मोठा मासा दाबून धरावा तसे, आणि ते थांबेपर्यंत सोडले नाहीत.

"मला वेडी वाटली ती," आबा म्हणाले. "सत्तावीस वर्सं मी तिला माफ करत आलो. माझ्या चुकीची माफी मीच तिला देतोय. आन् बोलली का न्हाई गं ती? म्हैना चुकला एवढंच सांगायचं."

"सांगितलं होतं. आपल्याला कळलं नाही."

मग तिनं पुस्तक उघडलं आणि मराठीत सगळं सांगितलं. नावं, गोठा, रांजण. विळ्यापाशी आली तेव्हा तिला वाटलं, हे गाळावं. माला जाऊन आठ महिने झालेत, म्हाताऱ्याकडं तिची आठवण तेवढी आहे. पण मानं कादंबरीवाल्याला जे करू दिलं नव्हतं ते आपण कसं करायचं? तिनं सांगितलं.

आबांनी मागच्या दाराकडं बोट केलं. "आन् मी तिथं काव काव करत हुतो," ते म्हणाले.

एक डिसेंबरला सोमवार होता. गवतावर दव गोठलेलं. लतिकानं दुपारपर्यंतची सुट्टी घेतली. सकाळी दुकानात जाऊन तिनं स्वतः मासा मारला आणि आबांच्या घरी येऊन आलं-मिरी घालून मातीच्या भांड्यात शिजवला, मा करायची तसा, करपायच्या काठावर. फुटलेल्या वाडग्याच्या जागी नवं आलं होतं. तिनं एकेक वाडगं भरलं आणि प्रत्येकाशी समासातलं एक नाव घेतलं. उच्चार चुकत होते. चौदा महिन्यांच्या त्या पोराच्या वाडग्यात आबांनी हातानं मासा कुस्करून काटे काढले.

"तुझ्या आईचं?"

"तिचा मार्चमध्ये. वेगळा."

मग बारावं. भात, माशाचा एक तुकडा, वर चॉपस्टिक. लतिका मागच्या दाराशी गेली आणि थांबली. ओट्यावर पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला होता. आबांनीच ठेवलेला. त्यांनी ग्लास फक्त तिच्या बाजूला दोन बोटं सरकवला. लतिकानं तो उचलला. दुसऱ्या हातात वाडगं. तशीच दारात उभी राहिली, दोन्ही हात भरलेले. बाहेर कुंपणावर चार ग्रॅकल येऊन बसले होते.

पुस्तकात पाणी पाजलं होतं, लोकांना ते आवडलं होतं.

ती मागं फिरली आणि ग्लास बेसिनमध्ये उपडा केला.

"लते..."

"तिनं दिलं नाही, आबा. 'नीट घाल' म्हणाली होती."

अंगणात जाऊन तिनं वाडगं मागं नेलं आणि हात मोकळा सोडला. भात कुंपणावर थापकन् बसला. तिच्या तोंडातनं काहीतरी निघालं. शिवी होती का हाक, ते तिलाही कळलं नाही. ग्रॅकल उडाले, फिरून आले आणि खाऊ लागले. आबा दारात उभे होते. ह्या खेपेला त्यांनी कुणाला बोलावलं नाही.

तिनं वाडगी धुतली, पालथी घातली, आबांना जेवायला वाढलं आणि एकला दुकानात हजर झाली. एप्रन बांधला. रांगेत पहिलीच एक बाई होती. दोन कॅटफिश, डोकं वेगळं, तुकडे जाड. लतिकानं जाळं घातलं, मासा ओट्यावर आपटला, डाव्या पंजानं डोकं दाबलं. मोगरी उचलली आणि हाणली. घाव सटकून कल्ल्यावर बसला. मासा वळवळला, ओट्यावरनं अर्धा खाली आला. तिनं त्याला ओढून वर घेतलं, पुन्हा दाबलं आणि दुसरा घाव घातला.

"ताजा आहे ना?" बाईनं विचारलं.

"हो," लतिका म्हणाली आणि सुरी कल्ल्याखाली घातली. पोट फाडलं, आतडी बादलीत टाकली, फळी पाण्यानं धुतली. मग दुसऱ्या माशासाठी जाळं पुन्हा टाकीत सोडलं.